घरगुती आरोग्यचिंतन : दुर्बल हृदय आणि भूल

घरांत शस्त्रक्रियेचा प्रसंग उद्भवला म्हणजे घरचीं माणसें दोन गोष्टींची कसून चौकशी करितात : शस्त्रवैद्य कोण, आणि खर्च किती. तिसऱ्या एका गोष्टीची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती म्हणजे भूल कोण देणार व कशी देणार. वस्तुतः शस्त्र चालत असतां रोग्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्धि हीं चारही ज्याच्या स्वाधीन असतात, तो हा भूल देणारा वैद्य. घरच्यांस त्याचें नांवही बहुधा ठाऊक नसतें. रोग्याचें हृदय निकोप असलें तर ही उपेक्षा पचून जाते. परंतु ज्याच्या हृदयाचा स्नायूच रोगट झाला आहे, त्याच्या बाबतींत ती प्राणांवर बेतूं शकते. या महिन्यांत हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यास निमित्त झालें तें मंगरूळपीर तालुक्यांतील एका भगिनीच्या पत्राचें. त्यांचे सासरे साठीच्या उंबरठ्यावर आहेत. हृदयाचा स्नायु क्षीण होऊन हृदय फुगलें आहे व त्याची रक्त पुढें ढकलण्याची शक्ति ३० टक्क्यांवर आली आहे, असें इको तपासणींत आढळलें. गोळ्या चालू आहेत. अशांत त्यांस अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, त्रास वाढला व शस्त्रक्रिया ठरली. घरांत तीन मतें पडलीं. थोरले दीर म्हणतात, "हृदयाचें कांहीं बोलूं नका, बोललांत तर कोणी हात लावणार नाहीं." सासूबाई म्हणतात, "भूल अगदीं थोडकी द्यावयास सांगा, म्हणजे हृदयास बाधा नको." आणि भगिनींस स्वतःस वाटतें कीं, येथें नकोच, दूर मोठ्या शहरीं जावें. तिघांपैकीं बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्ही वैद्य नव्हों. आयुष्य शाळेच्या फळ्यापुढें गेलें. परंतु प्रश्न नीट मांडून त्याची उकल करणें हा आमचा जुना व्यवसाय आहे. ‘शस्त्रक्रियेपूर्वीं भूलवैद्यांस प्रत्यक्ष भेटा व कांहींही लपवूं नका’ असें उत्तर आम्हीं त्यांस टपालानें तत्काळ पाठविलें. त्यामागील कारणें येथें सविस्तर सांगतों. कारण असा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

प्रथम हा रोग म्हणजे काय तें पाहूं. हृदयाला रक्त पोंचविणाऱ्या धमन्या कोंदणें हा एक विकार. हृदयाची झांप नादुरुस्त होणें हा दुसरा. आपण ज्याविषयीं बोलत आहों तो तिसरा : हृदयाच्या भिंतीचें मांस, जें जन्मापूर्वींपासून अखंड आकुंचन पावत असतें, तेंच बिघडणें. वैद्य यास कार्डिओमायोपथी म्हणतात. आपण हृत्स्नायुविकार म्हणूं. याचे मुख्य प्रकार तीन. आणि ते समजावयास आमच्या वऱ्हाडांतील जुनी चामड्याची मोट डोळ्यांपुढें आणावी. ती मोट आतां राहिली नाहीं. पण ज्यांनीं लहानपणीं विहिरीवर ती चालतांना पाहिली, त्यांच्या कानांत तिचा आवाज अजून असेल. मोट विहिरींत बुडून भरते, बैल धावेवरून उतरतात, मोट वर येते, आणि तिच्या सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडतें. भरणें आणि रितें होणें. हृदयाचेंही काम हेंच.

आतां पहिला प्रकार : चामडें सैल पडून मोट फुगली आहे. तिच्यांत पाणी पुष्कळ मावतें, पण वर येऊन पडतें थोडकें. निकोप हृदय आपल्यांत भरलेल्या रक्तापैकीं सुमारें ५५ ते ७० टक्के रक्त प्रत्येक ठोक्यास बाहेर ढकलतें. या विकारांत तें प्रमाण ४० च्या, कधीं २० च्याही खालीं जातें. हें विस्फारित हृदय. दुसरा प्रकार याच्या अगदीं उलट : चामडें जाड होत जाऊन आंतील पोकळीच लहान झाली आहे. जोर भरपूर आहे, किंबहुना फाजील आहे. परंतु पुष्कळ रोग्यांत जोरानें आंवळतांना सोंडेचें तोंडच चिमटलें जातें. हें स्थूल हृदय. सुमारें ५०० माणसांत एकास तें असतें असा अंदाज आहे, व पुष्कळांस त्याचा पत्ताही नसतो. तिसरा प्रकार : चामडें वाळून ताठ झालें आहे, तें पसरतच नाहीं, म्हणून मोट भरतच नाहीं. हें ताठर हृदय. हें तुलनेनें विरळा.

हे तीन प्रकार सांगण्याचें कारण केवळ ज्ञानवृद्धि नव्हे. एकास जें अमृत तें दुसऱ्यास विष, अशी येथें स्थिति आहे. शस्त्रक्रियेंत रक्तदाब उतरला असें समजा. फुगलेल्या, थकलेल्या हृदयास अशा वेळीं स्नायूस उत्तेजन देणारें औषध उपयोगी पडूं शकतें. थकल्या बैलास मोजून दिलेला इशाराच तो. परंतु तेंच औषध स्थूल हृदयास दिलें तर तें अधिक जोरानें आंवळतें, सोंड अधिक चिमटते, आणि रक्तदाब वर येण्याऐवजीं आणखी कोसळतो. तेथें उपाय निराळा : शिरेंतून द्रव देऊन हृदय भरलेलें ठेवणें, रक्तवाहिन्या आंवळणारें औषध देणें, आणि नाडी मंद राखणें. उलट फुगलेल्या हृदयास द्रव ओघळूं दिला तर तो फुप्फुसांत साचतो व रोगी धापा टाकूं लागतो. ताठर हृदयाचें तिसरेंच : त्याच्या प्रत्येक ठोक्याचें माप ठरलेलें, म्हणून नाडी फार मंद होऊन चालत नाहीं. म्हणजे ‘रोग्यास हृदयाचा कांहीं त्रास आहे’ एवढें कळून भूलवैद्याचें भागत नाहीं; कोणता त्रास, हें त्यास नेमकें कळावें लागतें. तें कळविणारा कागद म्हणजे इकोचा अहवाल. आणि तो पुष्कळदां घरच्या कपाटांत लग्नपत्रिकांखालीं दडलेला असतो.

सासूबाईंचा ‘थोडकी भूल’ हा आग्रह आतां विचारांत घेऊं. तो सहज सुचणारा आहे, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक असून आमच्या प्रदेशाच्या शेजारींच घडलेला आहे. ईथरची भूल १८४६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बोस्टन येथें जगापुढें आली. सुमारें पांच महिन्यांनीं, १८४७ च्या मार्चांत, ती कलकत्त्यासही दिली गेली. त्याच वर्षीं एडिंबरोच्या सिंप्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. वास गोड, परिणाम जलद, लोक हर्षले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं दिलेल्या क्लोरोफॉर्मनें कांहीं क्षणांत दगावली. पुढें असे मृत्यु होतच राहिले, आणि वैद्यांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, क्लोरोफॉर्म आधीं श्वास बंद पाडतो. म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. दुसरा म्हणे, तो थेट हृदयासच मारतो.

हा वाद सोडविण्याचा खटाटोप झाला तो निजामाच्या हैदराबादेंत. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासपक्षाचे कडवे अभिमानी होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या द्रव्यसाहाय्यानें १८८८ व १८८९ असे दोन आयोग तेथें बसले. दुसऱ्यासाठीं लंडनहून लॉडर ब्रंटन यांस मुद्दाम बोलाविण्यांत आलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष निघाला कीं, दोष श्वासाचा, हृदयाचा नव्हे. त्या काळीं आमचें वाशीम, तेव्हांचें बाशीम, हैदराबादच्या ‘असाइंड’ जिल्ह्यांपैकीं एक जिल्हा होतें. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला असला तरी नांव निजामाचेंच होतें. (पुढें १९०५ सालीं हा जिल्हा अकोल्यांत विलीन झाला, व १ जुलै १९९८ पासून पुनः स्वतंत्र झाला.) त्याच हैदराबादेंत रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी भूल देण्याचें शास्त्र शिकल्या, जगांतील अगदीं पहिल्या स्त्री-भूलवैद्यांत त्यांची गणना होते, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु आयोगाचा निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ सालीं इंग्लंडांत गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें कीं, क्लोरोफॉर्म हृदयाचा घात खरोखरच करतो. आणि विशेष असें कीं, तो करतो तो भूल गाढ असतां नव्हे, तर भूल उथळ असतां. अर्धवट गुंगींत शरीरास वेदना व भय कळतें, शरीरांतून ॲड्रिनलिन नांवाचा उत्तेजक रस रक्तांत उसळतो, आणि क्लोरोफॉर्मनें हळवें झालेलें हृदय त्या धक्क्यानें ठोके सोडून नुसतें थरथरूं लागतें. थरथरणारें हृदय रक्त ढकलीत नाहीं. नखासारख्या क्षुल्लक शस्त्रक्रियांत, जेथें ‘थोडकी’ भूल पुरे असें वाटे, तेथेंच तरुण, धडधाकट माणसें कां मरत, याचा उलगडा तेव्हां झाला.

क्लोरोफॉर्म आतां इतिहासजमा झाला आहे. परंतु त्यानें शिकविलेला धडा उरला आहे. अपुरी भूल म्हणजे सुरक्षित भूल नव्हे. वेदना, भीति, थंडी, श्वासनलिकेंत नळी घालतांना बसणारा हिसका, या सर्वांनीं नाडी धांवूं लागते व रक्तदाब चढतो. दुर्बल हृदयास तें ओझें पेलत नाहीं, आणि स्थूल हृदयाची सोंड त्यानें चिमटते. उलट भूल अधिक झाली तर बहुतेक औषधें स्नायूस मंदावतात व रक्तवाहिन्या सैल करितात. म्हणून हवी ती थोडकी भूल नव्हे, मापून दिलेली भूल. त्यांत आणखी एक बारीक गोम आहे. फुगलेल्या हृदयाच्या रोग्याचें रक्त संथ वाहतें; हाताच्या शिरेंत दिलेलें औषध मेंदूपर्यंत पोंचावयास नेहमींपेक्षां अधिक वेळ लागतो. लांबच्या वाफ्यांत पाटाचें पाणी उशिरा पोंचतें, तसेंच हें. घाई करणारा मनुष्य ‘अजून गुंगी आली नाहीं’ म्हणून दुसरी मात्रा देतो, आणि मग दोन्ही मात्रांचा परिणाम एकदम होऊन रक्तदाब कोसळतो. रोग ठाऊक असलेला भूलवैद्य थोडें औषध देतो आणि थांबतो. हें थांबणें हीच येथें विद्या आहे. परंतु थांबावें कां, हें त्यास कळलें तरच तो थांबेल.

येथेंच थोरल्या दिरांच्या मताचें उत्तर आलें. ‘सांगितलें तर कोणी हात लावणार नाहीं’ हें भय अगदींच निराधार आहे असें नाहीं. लहान रुग्णालय रोग्यास मोठ्या ठिकाणीं पाठवील हें शक्य आहे. पण लपविल्यानें रोग नाहींसा होत नाहीं. नाहींशी होते ती फक्त पूर्वतयारी. मध्येंच नाडी बिघडली तर वैद्य अंधारांत चांचपडतो, व वर सांगितल्याप्रमाणें योग्य वाटणारें औषधच उलटें ठरूं शकतें. न्यायालयांत वकिलापासून आणि रुग्णशय्येवर वैद्यापासून सत्य लपविणारा मनुष्य आपणच आपला प्रतिपक्षी होतो.

सत्य सांगण्यास विचारणाराही भेटावा लागतो, हें मात्र खरें. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवीं एकच भूलवैद्य दिवसाकांठीं तीन-चार रुग्णालयांत फिरत असतो, व रोग्याची आणि त्याची गांठ पडते ती शस्त्रक्रियागृहाच्या दारांत. ही पद्धत बदलणें आपल्या हातीं नसलें, तरी चार-आठ दिवस आधीं त्याच्या भेटीचा आग्रह धरणें आपल्या हातीं आहे. एका भेटीनें काय घडतें पाहा. आमच्या परिचयाच्या एका घरांतील सून दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनीं कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेस जावयाची होती. तिला धाप लागे, पायांवर सूज येई. घरांत सर्वांनीं ती बाळंतपणाची अशक्तता ठरविली व डिंकाचे लाडू वाढविले. भूल देणाऱ्या बाईंनीं तिला एकच प्रश्न विचारला : "रात्रीं किती उशा घेऊन निजतां?" ती म्हणाली, "तीन. सपाट निजलें कीं गुदमरतें." शस्त्रक्रिया त्या दिवशीं झाली नाहीं, इको झाला, आणि हृदयाची शक्ति अर्ध्यावर आल्याचें कळलें. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पांच महिन्यांपर्यंत हा हृत्स्नायुविकार उद्भवूं शकतो, व बाळंतिणीचा स्वाभाविक शीण समजून तो झांकला जातो. तिची प्रकृति औषधांनीं पुष्कळ सुधारली. घरोघरच्या सासवांस आमची विनंति आहे : बाळंतिणीस सपाट निजवत नसेल तर त्यावर उपाय लाडू नव्हे, तपासणी होय.

दुसरी सांगण्यासारखी गोष्ट कुळाची. आपण विवाह जुळवितांना सात पिढ्यांचें गोत्र सांगतों. पण काका कोणत्या आजारानें गेले तें सांगत नाहीं. स्थूल हृदयाचा विकार बहुधा आनुवंशिक असतो. आई किंवा बाप यांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो दोष येण्याचा संभव निम्मा. घराण्यांत कोणी तरुणपणीं धांवतांना, पोहतांना किंवा भूल देतांना अकस्मात् गेलें असेल, तर तें भूलवैद्यांस अवश्य सांगावें. याही बाबतींत हैदराबादचें नांव पुनः घ्यावें लागतें. तेथील पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राच्या थंगराज आदि शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, हृदयाच्या स्नायूचें एक प्रथिन घडविणाऱ्या जनुकांतून २५ अक्षरें गळालेला एक पाठ भारतीय उपखंडांत शंभरांत सुमारें चार माणसांत सांपडतो. पोथीच्या नकलेंत एखादी ओळ गळावी, तसाच हा प्रकार. तो पाठ असलेल्या प्रत्येकास रोग होतोच असें मुळींच नाहीं. परंतु आपल्या लोकांत हृत्स्नायूच्या दुर्बलतेचें बीज फार विरळा नाहीं, एवढें त्यावरून कळतें.

आतां भगिनींचा प्रश्न : येथें कीं दूर? आमच्या मतें गांवाचें नांव गौण आहे; तेथें काय आहे हें मुख्य. पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. हृत्स्नायुविकाराच्या रोग्यांस भूल देण्याचा अनुभव असलेला वैद्य शस्त्रक्रिया संपेपर्यंत रोग्याजवळ राहील काय? हृदयाचा आलेख, रक्तांतील प्राणवायु, उच्छ्वासांतील कर्बवायु हीं सतत दाखविणारीं यंत्रें, व प्रसंगीं धमनींत नळी बसवून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पाहण्याची सोय आहे काय? थरथरणाऱ्या हृदयास विजेचा धक्का देणारें यंत्र हाताशीं आहे काय? शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता कक्षांत खाट मिळेल काय? हृदयरोगतज्ज्ञ बोलावितां येईल काय? यांचीं उत्तरें होकारार्थी असलीं तर नागपूरचा हट्ट नको. नकारार्थी असलीं तर घराजवळचा मोह नको. वाशीमास २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. अकोल्यास तें २००२ पासून आहे. नागपूरचें तर १९४७ चें. कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गानें नागपूरही पूर्वींइतकें दूर राहिलें नाहीं. खर्चाची विवंचना असणारांनीं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत तें रुग्णालय व ती शस्त्रक्रिया बसते काय हें आधींच विचारून ठेवावें.

अंतर्गळासारखी शस्त्रक्रिया निवडलेल्या दिवशीं करितां येते, आणि हृदय औषधांनीं स्थिर होईपर्यंत ती लांबविणें हाच पुष्कळदां सर्वांत मोठा सुरक्षिततेचा उपाय असतो. सर्व शरीरास भूल न देतां तेवढीच जागा बधिर करूनही ती पुष्कळदां होऊं शकते. कंबरेंत सुई देऊन खालचें अंग बधिर करणें मात्र लोक समजतात तितकें निरुपद्रवी नव्हे; त्यानें पायांच्या रक्तवाहिन्या सैल पडून हृदयाकडे परतणारें रक्त घटतें, आणि स्थूल व ताठर हृदयांस तें विशेष बाधतें. निवड वैद्यानें करावी. परंतु गांठ एकाएकीं कठीण झाली, आंत जाईना, तीव्र वेदना व वांति सुरू झाली, तर आंतडें अडकलें असें समजून त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तेथें थांबणें हाच धोका. नंतर वाट पाहतां येणार नाहीं, म्हणूनच आधींची वाट पाहणें तयारींत घालवावें.

घरच्यांनीं करावयाचें तें आतां क्रमानें सांगतों.

पहिलें, एका कागदावर सर्व औषधांचीं नांवें, मात्रा व वेळा लिहाव्यात. नाहींतर गोळ्यांचीं पाकिटेंच न्यावींत. अर्जुनसादड्याचा काढा, चूर्णें, आसवें हींही त्यांत लिहावींत. आयुर्वेदाची लाज वाटण्याचें कारण नाहीं, पण गुप्तता नको.

दुसरें, आपल्या मनानें गोळी बंद करूं नये व चालूही ठेवूं नये. नाडी मंद राखणारी बीटा ब्लॉकर गोळी बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशींही चालू ठेवितात; ती एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या हृदयासाठीं व मधुमेहासाठीं हल्लीं पुष्कळांस दिल्या जाणाऱ्या गोळ्या किमान तीन दिवस आधीं थांबवाव्या लागतात. कारण उपाशीपणीं त्यांच्यामुळें रक्तांत आम्ल साचूं शकतें, व साखर फारशी वाढलेली नसल्यामुळें तें लक्षांतही येत नाहीं. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीं वैद्याची आज्ञा लेखी घ्यावी.

तिसरें, छातींत बसविलेलें विजेचें यंत्र असल्यास त्याचें ओळखपत्र न्यावें. शस्त्रवैद्याच्या विद्युत्-उपकरणानें तें यंत्र गोंधळूं शकतें.

चौथें, जिना चढतांना किती पायऱ्यांवर दम लागतो, किती उशा लागतात, पायांस सूज येते कीं नाहीं, कधीं घेरी आली काय, हें रोग्यानें खरें सांगावें. ‘मला कांहीं होत नाहीं’ ही वृद्धांची प्रतिष्ठेची भाषा आहे. शेजारीं बसलेल्या मुलानें ती दुरुस्त करावी.

पांचवें, उपास. सुश्रुतसंहितेंत एक लक्षणीय भेद केला आहे : सामान्यतः शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास खाऊं घालावें, मद्याची संवय असणारास तीक्ष्ण मद्य पाजावें, म्हणजे त्यास शस्त्राची जाणीव होणार नाहीं, परंतु मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत कर्म उपाशीपोटीं करावें. आधुनिक भूल सर्वांस उपाशीच मागते. कारण गुंगींत पोटांतील अन्न श्वासनलिकेंत उतरूं शकतें. सामान्य नियम असा कीं, हलकें अन्न व दूध सहा तास आधीं बंद, तळलेलें त्याहूनही आधीं, आणि स्वच्छ पाणी दोन तास आधींपर्यंत चालतें. येथें आपल्या घरांतील एक खोंच आहे. सकाळीं देवाचें तीर्थ म्हणून पळीभर पंचामृत देतात. पंचामृतांत दूध व दहीं असतें, म्हणून तें वर्ज्य. चहाही दुधाचा असतो. शिवाय दुर्बल हृदयाच्या रोग्यास विनाकारण लांब उपास बाधतो, शरीर शुष्क होऊन रक्तदाब उतरतो. स्थूल व ताठर हृदयास हें अधिकच लागू. म्हणून ‘बारा तास कडकडीत’ हें पुण्यकर्म येथें नको. वैद्यानें सांगितलेली घटकाच पाळावी.

सहावें, शस्त्रक्रिया झाली म्हणजे संकट संपलें असें मानूं नये. पुढील दोन-तीन दिवसांत, ऊतींत मुरलेला द्रव रक्तांत परतूं लागतो तेव्हां, हृदयावर पुनः भार येतो. धाप, खोकला, घाबरटपणा, लघवी कमी होणें, हीं चिन्हें दिसतांच परिचारिकेस सांगावें. वेदना सोसणें हा येथें गुण नव्हे. वेदनेनें नाडी वाढते, म्हणून दुखत असल्यास दुखतें म्हणावें. भेटीस येणाऱ्यांची गर्दी टाळावी.

बृहदारण्यकांत ‘हृदय’ या शब्दाचीं तीन अक्षरें सोडवून दाखविलीं आहेत : आणणारें, देणारें आणि जाणारें. त्यांत रक्ताभिसरणाचा शोध होता असें कांहीं उत्साही लोक सांगतात. तें आम्हांस मान्य नाहीं, तेथें विषय निराळाच आहे. परंतु गृहस्थास एवढी आठवण त्यांतून घेण्यास हरकत नाहीं कीं, घेणें आणि देणें यांचा तोल म्हणजेच हृदयाचा धर्म, आणि भूल देणारा वैद्य तो तोल कांहीं काळ आपल्या हातीं घेतो. त्यास अंधारांत ठेवून आपल्या माणसाच्या प्राणांचें ओझें त्याच्यावर टाकणें अन्यायाचें आहे. त्याच्यावरही, आणि रोग्यावरही. इकोचा अहवाल आज शोधून काढावा, औषधांचा कागद त्यास जोडावा, आणि दोन्ही घरांतील सर्वांस ठाऊक अशा जागीं ठेवावीं. प्रसंग रात्रीं-अपरात्रीं आला, तर कपाट कोणतें उघडावयाचें हें धाकट्या मुलासही सांगतां आलें पाहिजे.